बाबांच्या खाटेखालचा रेकॉर्डर

माझ्या धाकट्या भावाचा अल्बम आलाय. त्याने लिंक पाठवली, सोबत एक शब्द नाही. माझ्या मनात पहिलं हेच आलं, की हा आता कसला डाव टाकतोय?

कारण सांगतो. आमचे बाबा तळवलीच्या घरात चार महिने अंथरुणावर होते. दम लागायचा, म्हणून खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन सतत घुं घुं करत असायचं. भाऊ राहतो खांदेश्वरला. एरवी सणालाही उशिरा उगवणारा माणूस, तो रोज दुपारी येऊन बसायला लागला. कानाला हेडफोन लावून नुसता बसायचा. एक दिवस माझ्या बायकोने खाटेखाली झाडू घातला, तर बाहेर आला मुठीएवढा रेकॉर्डर. लाल दिवा चालू.

माझं डोकंच सटकलं. शहर वसवायला सरकारने गावच्या जमिनी घेतल्या, त्याच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड अजून बाबांच्याच नावावर होता, वाटणी झाली नव्हती. आणि आमच्याकडे म्हातारा जाता जाता जे बोलला, ते गावच्या बैठकीत कागदापेक्षा भारी ठरतं. हल्ली लोक ते मोबाइलमध्ये भरून ठेवतात. अशाच एका रेकॉर्डिंगवरून आमच्या आळीतलं एक घर फुटलंय. सख्खे भाऊ, भिंतीला भिंत, पण तोंड बघत नाहीत. म्हटलं, अच्छा, साहेब त्यासाठी येतात होय!

विचारलं तर म्हणतो, "दादा, मी मशीनचा आवाज घेतोय. आणि बाबांच्या श्वासाचा. त्याचं संगीत करतोय."

संगीत म्हणे! मला काय दूधखुळा समजला की काय? त्या दिवसापासून तो आला की बायकोला भाजी निवडायच्या निमित्ताने त्या खोलीत बसवायचो. मीही दुकान सोडून मधेच चक्कर टाकायचो. असाच एकदा दारात पोचलो, तर हा बाबांच्या तोंडाशी रेकॉर्डर धरून वाकलेला. बास. घर दणाणून सोडलं मी. "बंद कर ते! नीघ इथून, परत पाय ठेवू नकोस!"

तो वायरी गुंडाळायला लागला, हेडफोन अजून कानालाच होते. मी ओरडतच होतो. मधेच बाबांचे ओठ हलताना दिसले. वाटलं, पाणी मागतायत. तो गेल्यावर मी त्यांना चमच्याने पाणी पाजलं.

त्या भांडणानंतर नवव्या दिवशी बाबा गेले. भाऊ थेट स्मशानात आला, मागे उभा राहिला. तेराव्यानंतर आमच्या घराचा उंबरा त्याने ओलांडलेला नाही.

तर काल दुपारी तो अल्बम हॉलमधल्या स्पीकरवर लावला. बायकोला म्हटलं, "बस, ऐक. कुठंतरी भूखंडाचं येणारच." मिनिटं टिपायला पेन घेऊन बसलो होतो, खोटं कशाला सांगू? ना गाणं, ना ताल. एकच जाडजूड घुमणारा आवाज, मिनिटांमागून मिनिटं. आधी वैताग आला. मग ओळख पटली. आमचंच मशीन ते. त्याच्याखाली बाबांचा श्वास, इतका लांब ताणलेला की कुठे संपतो ते कळेना. बायको भाजी निवडत ऐकत होती, तिचे हात थांबले. मी अजून शब्दांची वाट बघत होतो.

शब्द आले ते अगदी शेवटच्या तुकड्यात. आणि ते माझे होते. नीघ इथून. सगळ्या अल्बममध्ये तोवर माणसाचं बोलणं नाही, आणि आलं ते हे! मला चारचौघांत उघडं पाडायचं होतं तर, असं वाटून मी बंद करायला उठलो. तेवढ्यात माझ्या ओरडण्याच्या मधून, बारीक पण स्पष्ट, बाबा बोलले.

"ऱ्हाऊ दे रं त्याला. बसू दे."

मी त्यांना पाणी पाजलं होतं. आणि ह्याच्या कानाला हेडफोन होते, म्हणजे ह्याने तेव्हाच ऐकलेलं. ऐकून, एक शब्द न बोलता, वायरी गुंडाळून निघून गेला. मला माझीच लाज वाटली, खरंच वाटली.

फोन लावला. त्याने उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "बोल दादा. भूखंडाच्या कागदावर सही पाहिजे ना? कुठं येऊ ते सांग."