मनगटं सोडली तेव्हा

साहेबांनी पोरीच्या डोळ्यापुढे किल्ली धरली. मी मागे उभी राहून तिची दोन्ही मनगटं धरली होती.

“बोलो बेटा, काय आहे हे?”

“कायतरी हलायलंय.”

“क्या हिल रहा है? नाव सांग.”

“ठावं न्हाई.”

मग चमचा झाला, वाटी झाली. उत्तर तेच. साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी परभणीच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात आया होते. निजामाचं राज्य होतं. साहेब म्हणजे वॉर्डाचे डॉक्टर, हैदराबादकडचे, निम्मं उर्दू, निम्मं मराठी बोलायचे. मी चौथी शिकलेली, पण ‘जी साहेब’च्या पुढे माझं तोंड कधी उघडलं नव्हतं.

पोरीचं नाव महादेवी, वय नऊ. तिचे वडील शिवअप्पा, बोरीला त्यांचं किराणा दुकान. तिच्या दोन्ही डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू होता. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग दुधासारखं पांढरं पडतं आणि उजेड आत जात नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याने दिसलं तरच दुसऱ्याचं करायचं, असं ठरलं होतं.

ऑपरेशननंतर पोराने डोळा चोळला तर डोळाच जायचा. म्हणून वॉर्डाचा नियम होता, लहान पोरांचे हात खाटेला बांधायचे. पट्टी काढून तपासणी चालू असली, की आयाने धरायचे.

साहेब गेल्यावर शिवअप्पा माझ्यावरच बिघडले.

“तुमच्या साहेबाला म्हणावं, किल्ली कुलपाला दावायची असती, आंधळ्याला न्हाई.”

“दादा, दोन दिवस थांबा,” मी कसंबसं म्हणाले.

“कशाला थांबू? पोरीला एवढं दुखवलं, पदरात काय पडलं? दुसऱ्या डोळ्याला हात लावू देणार न्हाई. जेवली की निघालो आमी.”

ते लिंगायत होते. त्यांच्या घरी पूजेशिवाय जेवत नसत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्याकडे एकटक बघायचं, अशी ती पूजा. महादेवी बिचारी बघण्याऐवजी बोटांनी चाचपायची. पट्टी अजून काढलेलीच होती. मी हात बांधायला गेले तर शिवअप्पा म्हणाले, “पूजेपुरते तरी सोडा, बाई.”

मी सोडले. जवळच बसले, हात डोळ्याकडे गेलाच तर धरायला.

तिने लिंग तळहातावर ठेवलं. उजव्या हाताची बोटं त्यावर फिरवली. मग खाली बघितलं. डोळा मिटून परत चाचपलं. उघडून परत बघितलं. असं चार-पाच वेळा केलं.

“अप्पा,” ती हळूच म्हणाली, “हातात हाय तेच मला दिसायलंय.”

शिवअप्पा गठुडं बांधत होते, तसेच थांबले. “मग मघाशी किल्ली का वळखली न्हाईस?”

“किल्ली हातात कुठं दिली?”

मला एकदम आठवलं. साहेब वस्तू पुढे करत होते तेव्हा तिची बोटं माझ्या मुठीत वळवळत होती. पोर डोळा चोळायला बघतेय असं समजून मी आणखी आवळली होती.

मी साहेबांकडे गेले. दारात उभी राहिले आणि एवढंच निघालं, “साहेब, हात.”

“हात को क्या हुआ, आया?”

“तिचे हात सोडून दाखवा. तिला वस्तू हातानं ठाऊक हायत. डोळ्याला कुणी वळख करून दिली न्हाई अजून.”

एका दमात मी साहेबांशी एवढं पहिल्यांदाच बोलले होते. साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं. “और आँख मसल ली तो?”

“मी बसते जवळ.”

साहेबांनी किल्ली तिच्या हातात दिली. तिने किल्लीचे दात चाचपले, मग बघितलं. चमचा आणि वाटीचंही तसंच केलं. नंतर हात मांडीवर ठेवायला लावून साहेबांनी लांबून किल्ली दाखवली. बराच वेळ गेला.

“किल्ली,” ती म्हणाली.

चमच्याला ती किल्लीच म्हणाली, पण साहेब खूश होते. तीन दिवसांत तिला दहा-बारा वस्तू न शिवता ओळखू येऊ लागल्या. मग तिने अप्पांच्या तोंडावरून हात फिरवला, बघितलं आणि म्हणाली, “मिशा एवढ्याच? हाताला तर लय मोठ्या लागत होत्या.” सगळा वॉर्ड हसला. शिवअप्पांनी गठुडं सोडलं.

पुढच्या महिन्यात दुसरा डोळा झाला. पट्टी काढायच्या दिवशी साहेब म्हणाले, “आया, हाथ छोड.” मी सोडले, साहेबांनी किल्ली पुढे धरली, तर पोरीने हात हलवलेसुद्धा नाहीत. “किल्लीच हाय. दुसरं कायतरी दावा की!”

जन्मापासून आंधळ्या पोराची पट्टी काढताना हात मोकळे ठेवायचे, असा साहेबांनी वॉर्डाला हुकूम दिला. त्यात माझं नाव नव्हतं. बरंच झालं, चार लोकांत मला कसंसंच झालं असतं.

बाकीच्या पोरांचे हात मी पुढेही धरतच राहिले. फक्त बोटं वळवळली, की आवळायच्या आधी विचारायचे, “काय पाहिजे, बाळा?”