अल्पशा आजाराने

मी नागप्पा. निलंग्यात कोन मेलं तर खबर माझ्या रिक्षावरून जाते, आन भोंग्यातला आवाज असतो संगमेशचा. सहा सालं झाली. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की" एवढं ऐकलं, की दुकानदार पंखा बंद करून नावासाठी कान देत्यात.

त्या येड्यानं रॅपचा अल्बम काढला. लातुरात दोस्ताच्या खोलीत, भिंतीला वाकळा लावून. मी म्हनलो, बाबा, हे गानं हाय का नळावरचं भांडन? पन अल्बम मोबाईलवर आला तवा हाटेलात पोरांनी तो लावला, आन त्याचा आवाज ऐकून चहा पिनारे सगळे थांबले. कप खाली ठेवून नावाची वाट बघत बसले. मला आधी हसू आलं, मग अंगावर काटा आला.

अल्बमचं नाव 'अल्पशा आजाराने'. कोनी जळून मेलं, कोनी फास घेतला, तरी घरचे आमच्याकडून हेच दोन शब्द वदवून घेत्यात. सात गान्यांत त्यानं नावं न घेता तसली सात मरनं खरी सांगितली, शिव्यांसकट. आठव्यात नुसता ठेका. बोल न्हाईत.

आठवं त्याच्या बहिनीचं, रेणुकाचं. देवणीला दिली होती. दोन सालाखाली सासरच्या विहिरीत सापडली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनून तिच्या बापानं, आप्पांनी, तेच दोन शब्द लिहून दिले. संगमेशनं वाचले, मी गावभर फिरवले. मला त्याची अजून लाज वाटती. आठव्याचे बोल भरायला हेडफोन लावला की ठेक्याखाली तिचा आवाज येतो, संगमेश म्हनायचा. ती काय म्हनती, ते काही सांगायचा न्हाई.

त्याची आई, अव्वा, रोज फोन कानाला लावून ते आठवं ऐकायची. एक दिवस त्याला म्हनली, "सगळ्यांचं सांगितलास. माझ्या लेकीचं कुठाय?"

रेणुकाला जाऊन दोन सालं भरली त्या दिवशी संगमेश माझ्या शेजारी येऊन बसला. आठवं झालं, म्हनला. मेमरी कार्ड दिलं आन आमच्या गल्लीत लाव म्हनला. ठेका सुरू झाला, तशी दारं उघडली.

"रेणुका अल्पशा आजारानं गेली न्हाई. मार खाऊन चारदा माहेरी आली. चारदा आम्ही माघारी धाडली. चौथ्यांदा मीच गाडीवर घालून नेली. वाटभर म्हनत होती, अण्णा, गाडी वळव. मी वळवली न्हाई."

भोंगा बोलत होता, आन ज्याचा आवाज तो शेजारी मान खाली घालून बसलेला. आप्पांनी आतून दार लावून घेतलं. अव्वा बाहेरच राहिली. वाटेतलं ते बोलनं तिला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता ही पोराच्या थोबाडीत मारनार. मारलीच. मग पदर खोचून मागच्या सीटवर बसली.

"नागप्पा, गाडी वळव," म्हनली. "देवणीला घे. भोंगा बंद करू नको."