मालकाच्या जागी आकडा

नवा संगणक घेतला, जुन्याची डिस्क त्याला जोडली आणि यांच्या खात्यातल्या फोटोंचा फोल्डर उघडायला गेले, तर ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं पडद्यावर आलं. मालकाच्या रकान्यात यांच्या नावाऐवजी लांबलचक आकडा होता. यात घाबरण्यासारखं काही नसतं. नवं यंत्र जुनं खातं ओळखत नाही, इतकंच. वस्तू जागच्या जागी असते, फक्त मालक परका झालेला असतो आणि ते होताना कसलाही आवाज होत नाही.

मी सेटिंगमध्ये जाऊन मालक बदलला, आतल्या सगळ्या फोल्डरांना तेच लागू केलं. फोटो उघडले.

“अहो, या लवकर, आपलं महाबळेश्वर सापडलं!”

हे येऊन खुर्चीमागे उभे राहिले. बराच वेळ पाहत होते. लग्न झाल्यापासून मला ‘अगं’ म्हणणारा हा माणूस अदबीने म्हणाला, “छान आहेत. पण तुम्ही त्यांची परवानगी घेतलीत ना?”

“कोणाची?”

“ज्यांचे फोटो आहेत त्यांची.”

पडद्यावर आम्ही दोघंच होतो.