खालून अर्धा इंच

वत्सला गजभिये माणसाचं चित्र काढायला बसली की आधी कान काढायची. नाक नाही, डोळे नाहीत, कान. त्यासाठी ती समोरच्याच्या कानाकडे अशी टक लावून बघायची की बोलणाऱ्याचं बोलणं तुटायचं. पहिल्याच भेटीत मी चिडून विचारलं, "माझ्या कानाला काय झालंय?"

"काही नाही जी," ती म्हणाली. "माणूस तोंड केव्हाही बदलवते. कान नाही बदलवता येत त्याले."

मला ती आवडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवा ती गेली आणि ज्या वर्तमानपत्रात मी जन्म काढला त्यांनी माझ्याकडे तिच्यावर लेख मागितला आहे. तोही जिव्हाळ्याचा. जिव्हाळा आता कुठून आणू? ती तोंडाची फटकळ होती आणि कोणाचीच भीड ठेवत नव्हती. आणि आम्ही तिच्याशी जे वागलो ते जिव्हाळ्याच्या लेखात बसणारं नाही.

सत्तर सालाच्या आगेमागे मी तिथे उपसंपादक होतो. ती कामठीहून बसने यायची. वडील मागावर काम करायचे, घराने छप्पन साली दीक्षा घेतलेली. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि शाळा सुटली की काखेत चित्राची गुंडाळी घेऊन आमच्याकडे. बाई राजकारणावर व्यंगचित्रं काढते हेच कचेरीला पचत नव्हतं. आमच्या भागात तिच्याआधी कोणा बाईने काढल्याचं ऐकिवात नव्हतं. "भाऊ काढून देतो का?" असं एकाने विचारलं, तर तिने त्याच्याच टेबलावरच्या टीपकागदावर तीन मिनिटांत त्याला कानापासून उतरवला. पुन्हा कोणी विचारलं नाही. खुर्चीही कोणी दिली नाही.

आमचे संपादक अण्णासाहेब. त्यांना चित्रं पसंत होती, नाव नव्हतं. "बाईचं नाव, त्यात हे आडनाव," ते मला म्हणाले. तिला मात्र गोड आवाजात सांगितलं, "नुसतं 'व. ग.' लिहीत जा."

"अख्खं नाव ठेवलं जी मायबापानं. अर्धं कायले घेऊ?" ती म्हणाली आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, पूर्ण सही करत राहिली.

अण्णासाहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी काम माझ्यावर सोपवलं. त्या काळी चित्राचा जस्ताचा ब्लॉक करत आणि मापाप्रमाणे करवतीने कापत. मी चित्राच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने लिहायचो : 'खालून अर्धा इंच कापणे.' सही जायची, चित्र बिननावाचं छापलं जायचं. ती तणतणत यायची. मी म्हणायचो, "जागेची अडचण असते, बाई."

मग तिने सही वर सरकवली, माणसांच्या पायांमध्ये. तिचा हिशेब साधा होता. सहीसाठी चित्रातल्या माणसांचे पाय कोण कापेल? मी कापले. कोरड्या नळापाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका, शेजारी हात जोडलेला मंत्री, सगळे घोट्यांपासून गायब. दर आठवड्याला हेच. हळूहळू कचेरीत बोललं जाऊ लागलं की बाईला पाय जमत नाहीत. मी चहा पीत ते ऐकलं आणि एक अक्षर बोललो नाही. ते बोलणं कचेरीतून गावात गेलं.

त्याच सुमारास रामदासपेठेत चित्रकारांची एक सभा होती. व्यासपीठावरून एक बुजुर्ग चित्रकार म्हणाले, "गजभियेबाईंची रेघ जोरकस आहे. फक्त पायांचा अभ्यास हवा." सभागृह हसलं. मीही हसलो. ती पुढे दोन रांगा सोडून बसली होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली आणि आपली जुनी चित्रं परत मागितली. माझ्या कपाटात गठ्ठा पडला होता. तिने वरचं चित्र उचललं, उलटं केलं. मग दुसरं. मग तिसरं. प्रत्येकाच्या पाठीवर माझं अक्षर.

"अण्णासाहेबांचा हुकूम होता," मी म्हणालो.

"हुकूम त्यायचा असंन. अक्षर तं तुमचं हाय ना? मले वाटे, पाय कोणी कापणार नाही." तिने हातातलं चित्र पालथंच ठेवलं. "काल तुम्ही हासून राहिले होते. काहून हासले जी?"

मी आवाज चढवला. "इतकं मोठं झालंय का तुमचं नाव?"

"मोठं नाही," ती म्हणाली. "माहं हाय."

पुढच्या आठवड्यातल्या चित्रात मंत्र्याच्या ऐन पोटावर, सदऱ्याच्या गुंड्यांच्या ओळीत तिचं पूर्ण नाव होतं. कापायची सोय नव्हती. अण्णासाहेब म्हणाले, "नाव काढा, नाहीतर चित्र नाही." तिने चित्राची गुंडाळी केली, काखेत मारली आणि ती जिना उतरली. आमच्याकडे आणलेलं तिचं ते शेवटचं चित्र.

नंतर ती कामठीच्या एका लहानशा साप्ताहिकात काढू लागली, मग बाहेरगावचे लोक मागू लागले. पंधरा वर्षं तिची चित्रं मी चुकवली नाहीत. खाली सही असायची, पूर्ण. मी मात्र आधी पाय बघायचो. भेगाळलेल्या टाचा, चपलेचा सुटलेला अंगठा, अनवाणी पायाची वाकडी करंगळी. असे पाय काढणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मी निवृत्त झालो त्या आठवड्यात टपालाने एक पाकीट आलं. आत चित्र : पाठमोरा माणूस करवतीने ब्लॉक कापतो आहे. तोंड दिसतच नाही. बायकोने नजर टाकली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर तुम्हीच! कान बघा ना." पायांत माझ्याच चपला होत्या, डाव्या टाचेकडे झिजलेल्या. खाली अर्धा इंच कोरा. सोबत चिठ्ठी होती : 'देशकर साहेब, सही केली नाही. आता तरी पाय राहू द्या जी.'

मला संताप आला. चित्र कपाटात टाकलं, उत्तर धाडलं नाही. संताप ओसरल्यावर लाज उरली आणि लाजेपायीही काही लिहिलं नाही. कामठी काही परमुलखात नव्हती. एक बस पुरली असती.

ते चित्र या लेखासोबत छापायला देतो आहे. तिची सही करण्याचा मला अधिकार नाही, म्हणून समोरची बाजू आहे तशी ठेवली आहे. पाठीवर निळ्या पेन्सिलीने, त्याच अक्षरात, सूचना लिहिली आहे : 'चित्रकार वत्सला गजभिये. नाव पूर्ण छापावे. खालून कापू नये.'