पडद्यावरचं इरकली लुगडं

आमच्या सोलापूरचं नाव नाटकात निघालं की समजावं, आता हसायची वेळ आली. बाहेरगावची नाटकमंडळी यायची आणि दुसऱ्या अंकात कधीतरी एक सोलापूरकर स्टेजवर शिरायचा. काखेत भाकरीचं गाठोडं, तोंडी सारखं ‘लई’ आणि ‘की’. तो घाम पुसायचा, पाणी मागायचा, सगळ्यांची बोलणी खायचा आणि निघून जायचा. पुण्याचे लोक त्याला हसत असतीलच, पण आमच्याएवढं कुणी हसत नसणार. आम्ही तिकीट काढून स्वतःला हसायचो आणि तृप्त होऊन घरी यायचो.

त्यामुळे एक शिनेमा कंपनी आमच्या गिरणीच्या फाटकाचं चित्र घ्यायला येणार म्हटल्यावर गावाला उधाण आलं. तेव्हा शिनेमा मुका होता. गिरणी सुटते आणि कामगार बाहेर पडतात, एवढंच त्यांना हवं होतं. ते आम्ही सुट्टीच्या दिवशी, रविवारी करून दाखवायचं होतं.

मी नवी सून. रिळिंग खात्यात सुताच्या लडी करायची. सासूला मी आत्या म्हणायची. आत्यांनी त्याच खात्यात वीस वर्षं काढली होती. बोटं सुजायला लागली तेव्हा त्यांना घरी बसवलं आणि त्यांच्या जागी मी लागले. शनिवारी भाकऱ्या थापता थापता त्यांनी मला बजावलं, “त्या यंत्राम्होरं उभं ऱ्हायाचं न्हाय. आपल्या घरची सून पडद्यावर जायाची न्हाय. शपत घे.”

मी देवघरापुढं उभं राहून शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती मोडली. मोडली ती मोडली, वर आत्यांच्या ट्रंकेतलं इरकली लुगडंही पदराखाली लपवून पळवलं. रुंद काठाचं, टोपपदराचं, त्यांनी उभ्या जन्मात चार वेळा नेसलेलं. त्या म्हणाल्या होत्या, मी सिद्धेश्वराला जाऊन येते. मी म्हटलं, मैत्रिणीकडं कुरडया घालायला जाते. दोघी किती साळसूदपणे बोललो, ते आठवलं की आजही मला हसू फुटतं.

गिरणीच्या आवारात पोचले आणि पाहते तर सगळं गाव लग्नाला निघालेलं. फोटो काढायचा म्हणजे नटायचं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. आयुष्यात एक फोटो निघायचा, तो लग्नातला. मग कामगार मंडळी फेटे बांधून आली होती. बायकांच्या नाकात नथी होत्या. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, एक जण तर बाशिंगाशिवाय नवरदेवच दिसत होता.

कंपनीच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. “अहो, गरीब कामगार पाहिजेत. दमलेले, मळलेले. रोजच्यासारखे.”

“रोजच्यासारखं रोज दिसतोय की,” मागून कुणीतरी म्हणालं. “आज तरी चांगलं दिसू द्या.”

कुणी कपडे बदलायला गेलं नाही. शेवटी साहेब गर्दीत शिरून कुणाला तरी शोधू लागले. साध्या कपड्यातली एक म्हातारी मिळाली, तिला सगळ्यात पुढं उभी केली म्हणे. मी मागं, फेट्यांच्या जंगलात होते. मला काही दिसलं नाही. तीन वेळा आत गेलो, तीन वेळा बाहेर आलो आणि मी धावत घरी जाऊन लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवलं. आत्या थोड्या वेळानं आल्या. लुगड्याबद्दल त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, पुढंही नाहीत. मी सुटले असं समजले.

चार महिन्यांनी तो शिनेमा आमच्याच गावात लागला. आता माझी चोरी पडद्यावर दिसणार होती. आत्या येणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण शेजारणीनं विचारायचा अवकाश, त्या पायात वहाणा घालून तयार. “बघू तरी काय दावत्यात,” म्हणाल्या.

बायकांच्या बाजूला मी त्यांना चिकटून बसले आणि पदर नाकापर्यंत ओढला. पडद्यावर अक्षरं आली की एक जण मोठ्यानं वाचायचा. मग तेच एका कोपऱ्यात तेलुगूत आणि दुसऱ्या कोपऱ्यात कानडीत कुजबुजत पुढं जायचं. तेवढ्यात अक्षरं आली, ‘मुंबईतील एक गिरणी’. आणि खाली आमचं धुराडं.

थेटर खवळलं. आमच्या धुराड्याला मुंबई म्हणतो म्हणजे काय? फाटक उघडलं, पण भोंगा नाही. भोंग्याशिवाय गिरणी सुटलेली कुणाला बघवेना. पुढच्या बाकावरून एकानं तोंडाशी हात धरून ‘भोंऽऽ’ केलं. दुसऱ्या गिरणीचे लोक म्हणाले, आमचा भोंगा याहून जाड हाय, आणि त्यांनी तो वाजवला. मग सगळं थेटर भोंगा झालं आणि त्या गोंधळात चित्र पुढं निघून गेलं. कुणालाच कुणी दिसलं नाही. लोकांनी बाकं बडवली. यंत्रवाल्यानं हात टेकले आणि तेवढी फीत पुन्हा लावली.

या वेळी सगळे गप्प. फाटक उघडलं आणि सर्वांत पुढं, पडदाभर, ती म्हातारी चालत आली. जुनेर नेसलेली, खांद्यावर ठिगळ, मान ताठ.

आमच्या आत्या.

मी पदर नाकावरून काढला आणि त्यांच्याकडं पाहिलं. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. पडद्यावर त्यांच्या खांद्यामागून एक रुंद काठ डुलत येत होता. “काठ माझ्या लुगड्याचा हाय,” त्या सावकाश म्हणाल्या.

“तुमी तर सिद्धेश्वराला गेला होता की, आत्या.”

“गेलते की. वाटंत फाटक लागलं.” मग म्हणाल्या, “वीस वरसं त्या फाटकातनं भायेर आले. म्हटलं, एकदा नटून भायेर यावं. ट्रंक उघडली तर लुगडं न्हाय. तुला इचारणार तरी कसं?”

मला रडूच कोसळलं. सगळं गाव शालू-फेट्यात आणि माझ्यामुळं या एकट्या ठिगळ लावून. मी त्यांचा सुजलेल्या बोटांचा हात धरला आणि म्हटलं, माझं चुकलं, आत्या.

“खुळी का काय,” आत्या म्हणाल्या. “त्या लुगड्यात आले असते तर तुझ्यावानी मागं कुटंतरी चेंगरून मेले असते.”

लोकांनी पुन्हा बाकं बडवली. फीत तिसऱ्यांदा लागली. फाटक उघडलं, आणि पुढच्या बाकावरच्यांनी तोंडाशी हात नेण्याआधीच माझ्या शेजारून भोंगा झाला. आत्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले होते, आणि पडद्यावर त्या स्वतः त्या भोंग्यावर बाहेर पडत होत्या.