मला आडवं निजवा

कान्हे गावची कस्तुराबाई साथीच्या तापातून वाचली, तेव्हापासून तिचं एक दुखणं होऊन बसलं. वाकलेली एकदम उभी राहिली की छाती धडधडायची, डोळ्यांपुढं अंधार यायचा आणि ती कोसळायची. जरा वेळ आडवं पडलं की बरं वाटतं, मिठाची पेज प्यायली की पाय ठरतात, एवढं तिला स्वतःच्या अंगावरून कळलं होतं. पण ऐकणार कोण? गावाच्या मते तिच्या अंगात देवी येत होती, आणि देवी अंगात असताना माणसाला निजू देत नाहीत.

त्या दिवशी भाताच्या आवणीत, रोपं लावता लावता ती अशीच पडली. जावांनी बखोट्यांना धरून तिला उभी केली. सासू रतनबाई हात जोडून विचारू लागली, "बोल आई, काय चुकलं आमचं?"

"मला खाली निजवा," कस्तुरा पुटपुटली.

"तू गप! देवीला बोलू दे."

पुन्हा अंधारून आलं. संतापानं सगळं बळ एकवटून कस्तुरा देवीच्या थाटात ओरडली, "माझ्या लेकराला आडवं निजवा! मिठाची पेज पाजा!"

लगेच बांधावर घोंगडी पसरली गेली. पेजही आली.

तोंडावर रंग परतल्यावर कस्तुरा पडल्या पडल्या म्हणाली, "आत्याबाई, ह्येच मी इतकी वर्सं सांगत व्हते. तवा कुनी ऐकलं न्हाई."

"म्हंजी देवी गेली व्हय?" रतनबाईनं पदर खोचला. "मग ऊठ की! निम्मं खाचर तसंच पडलंय."

आणि तिनं सुनेला हाताला धरून खसकन उभी केली.