गजेंद्रआप्पांना बंद मशीन बघवत नाही

डिंडोलीतल्या आमच्या शेजारच्या गजेंद्रआप्पांनी एकतीस वर्षं कापड विणायचे लूम चालवले. लूम थांबला की शेठ ओरडतो, एवढं एकच शास्त्र ते शिकले, पण पक्कं शिकले. लूम सुटल्यावर बारडोलीच्या वाटेवर ललितभाईंच्या मत्स्यतळ्यावर त्यांना राखणीचं काम मिळालं. तळ्यात एरेटर होता, म्हणजे पाणी उडवून त्यात हवा मिसळणारी चाकं. पहाटे माशांना हवा कमी पडते, तेव्हाच चालवा, असं ललितभाईंनी बजावलं होतं. आप्पांनी चोवीस तास चालवला. बंद मशीन म्हणजे हरामाची भाकर!

मे महिन्यात तळं भराभर उतरू लागलं. कालव्याचं पाणी यायला अजून तीन आठवडे होते. ललितभाई म्हणाले, "गजेंद्रभाई, पाणी क्यां जाय छे? रविवार सुधी शोधो, नहीं तो घरे बेसो."

पाणी कुठे जातं ते रविवारपर्यंत सापडलं नाही तर घरी बसायचं; आणि घरी बसणं आप्पांना मरणाहून वाईट. त्यांनी खेकड्यांची बिळं बुजवली, बांध लिंपला, कोणी पाणी चोरायला पाइप टाकलाय का म्हणून बांबू घेऊन शेजारचा ऊस धुंडाळला आणि त्या ऊसवाल्याशी कायमचं वैर पत्करलं. पाइप काही सापडला नाही.

शनिवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. "तरी एक सांगतो, एवढ्या उन्हात आपल्या तळ्याचं पाणी कसं गार लागतं! एरेटरची कृपा," ते म्हणाले. मी बँकेतला कारकून, मला त्यातलं काय कळणार? मीही "वा" म्हणालो.

त्यांच्या बायकोने, भागीरथीवहिनींनी, पोळी वाढता वाढता विचारलं, "घरना कूलरमा रोज मी दोन बादल्या पानी वतस. तठे कोन चोर येस?"

आप्पा जेवण सोडून कूलरची टाकी बघायला उठले. मला हसू आवरेना, आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटलं.

रविवारी त्यांनी ललितभाईंपुढे सगळं कबूल केलं. कूलरमध्ये ओतलेल्या पाण्यासारखंच उन्हात उडवलेलं पाणी गार होतं खरं, पण गार होता होता वाफ होऊन निघून जातं. दिवसाचा एरेटर बंद झाला आणि आठवड्याला वीतभर उतरणारं तळं आता चार बोटंच उतरू लागलं.

आप्पांची नोकरी टिकली. दिवसाचं काम एकच: स्विचजवळ बसायचं आणि त्याला हात लावायचा नाही.

परवा मी गेलो, तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

"लूमवर बारा-बारा तास उभा राहिलो," म्हणाले, "पण एवढा कधी थकलो नाही."